कोंकणाचें पुढचें दार

एखादा जुना वाडा पाहावयाचा असेल तर आपण दिंडीदरवाज्यानें आंत शिरतों, ओसरीवर टेकतों, मग माजघर, मग परस. परसदारानेंच आंत जाऊन, गोठा व न्हाणीघर पाहून, ‘वाडा मीं पाहिला’ असें कोणी सांगूं लागला तर आपण त्याला हंसूं. परंतु कोंकणकिनाऱ्यावरील जुन्या शहरांच्या बाबतींत आपण सगळे हेंच करीत आलों आहों. घाट उतरावा, वळणावळणांच्या रस्त्यानें पश्चिमेस जावें, रस्ता संपला कीं गांव लागतें. त्या गांवांत एक पडकी तटबंदी, एक मशीद, चार माडांच्या वाड्या. ‘विशेष कांहीं नाहीं’ असें म्हणून आपण मासळीच्या जेवणाची चौकशी करूं लागतों. हें गांव आपण पाठीमागून पाहिलें, त्याचें तोंड तिकडे समुद्राकडे आहे, ही गोष्ट ध्यानांतच येत नाहीं. माझ्याहि ध्यानांत ती वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं आली. ती कशी आली, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

मी चौतीस वर्षें घाटावरच्या एका तालुक्याच्या गांवीं शाळामास्तर होतों. विद्या मॅट्रिकची, पुढें शिकावयाचें राहून गेलें, तें राहूनच गेलें. इतिहास हा माझ्या आवडीचा विषय. मात्र क्रमिक पुस्तकांतला इतिहास हा घोड्यावर बसून येणारा इतिहास असतो. तो खिंडींतून येतो, गडावर चढतो, मैदानांत लढतो. समुद्राचा संबंध म्हणजे नकाशांत सह्याद्रीच्या डाव्या अंगास निळी पेन्सिल फिरवावयाची, एवढाच. वास्तविक मला समुद्र अगदींच अनोळखी नव्हता. आमचें मूळ घर खारेपाटणच्या बाजूचें. १९७२ सालीं, बारा वर्षांचा असतांना, आजोबांबरोबर मी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनें विजयदुर्गास गेलों होतों. रात्रीं रत्नागिरीस बोट नांगरली, तेव्हां कंदील टांगलेले पडाव किनाऱ्याकडून डुलत डुलत जवळ आले. ट्रंका, बोचकीं, कोंबड्या आणि रडणारीं मुलें हातोहात खालीं उतरलीं. आजोबा कठड्याला टेकून म्हणाले, “ही रत्नागिरी. नीट बघून ठेव. मोटारीनें आलास तर अशी दिसणार नाहीं.” मला त्या वेळीं केवळ उलट्या होत होत्या.

त्या आगबोटी पावसाळ्यांत बंद असत आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला कीं पुन्हां सुरू होत. १९८० नंतरच्या दशकांत त्या कायमच्या थांबल्या. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सबंध मार्गावर धांवूं लागली आणि त्यांची आठवण काढण्याचेंहि कारण उरलें नाहीं. २०१८ सालीं ‘आंग्रिया’ नांवाची, सर्व सुखसोयींनीं युक्त अशी एक प्रवासी नौका मुंबईहून गोव्यास जाऊं लागली व कांहीं काळ चालली. पण ती रात्रीच्या प्रवासाची, वाटेंतल्या बंदरांना न थांबणारी. आणि मला तर थांबावयाचें होतें. तेव्हां सेवानिवृत्त झालेल्या आम्ही पांच मित्रांनीं गेल्या पौषांत रेवदंड्याहून वेंगुर्ल्यापर्यंत एक परवान्याची लाँच नऊ दिवसांकरितां ठरविली. घरून विरोध झालाच. १९४७ च्या जुलैंत ‘रामदास’ बोट मुंबईजवळ बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आमच्या घरांतलें कोणी त्या बोटींत नव्हतें. तरी ती आमच्या स्वयंपाकघरांत दर वर्षीं एकदां तरी बुडतेच.

आमचा तांडेल हर्णैचा, वय पन्नाशीचें. पहिल्याच संध्याकाळीं त्यानें मला धडा दिला. “उद्यां किती वाजतां निघावयाचें?” असें मीं विचारलें. त्यानें बोटांच्या पेरांवरून आंगठा फिरविला आणि म्हणाला, “उद्यां पंचमी ना, गुरुजी? पांचाचे पाऊणपट पावणेचार. पहांटे पावणेचारला भरती पुरी. ओहोटीच्या तोंडाला बाहेर पडूं, नाहींतर दांड्यावर बसून राहूं.” दांडा म्हणजे खाडीच्या मुखाशीं वाळूचा जो आडवा बांध सांचतो तो. तिथीला पाऊणानें गुणिलें म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अदमासें मिळते, हा हिशेब या किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी माणसाला पाढ्यासारखा पाठ असतो. पाऊणकीचा पाढा मीं चौतीस वर्षें मुलांकडून घोकून घेतला. तो कशासाठीं असतो तें त्या दिवशीं मला कळलें. भरतीबरोबर आंत यावें, ओहोटीबरोबर बाहेर जावें, आणि चुकल्यास सहा तास वाट पाहावी. या किनाऱ्यावरील प्रत्येक बंदराचें कुलूप हें असें असे, आणि त्याची किल्ली चंद्राच्या हातीं.

रेवदंडा म्हणजे जुन्या चौलाचें समुद्राकडील अंग. कुंडलिकेच्या मुखाशीं दोन हजार वर्षांपूर्वीं हें बंदर नांदतें होतें. टॉलेमीच्या भूगोलांत त्याचें नांव आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत ‘चेमुल’ म्हणून आहे. दहाव्या शतकाच्या आरंभीं येथें आलेल्या मसूदी या अरब प्रवाशानें ‘सैमूर’ म्हणून त्याचें वर्णन केलें असून मुसलमानांचीच वस्ती सुमारें दहा हजार असल्याचें लिहिलें आहे. आमच्या खारेपाटणास शके १०१६ चा, म्हणजे इ. स. १०९४ चा, शिलाहार राजा अनंतदेवाचा एक ताम्रपट सांपडला. त्यांत ज्या बंदरांतील जकात कांहीं व्यापाऱ्यांच्या गलबतांना माफ केली आहे, त्यांत ठाणें व शूर्पारक यांच्याबरोबर चौलहि आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफानासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी विकावयाचा एक घोडा बरोबर घेऊन येथेंच उतरला. ही यादी मी मुद्दाम सांगतों. वर्गांत चौल हें नांव माझ्या तोंडून चौतीस वर्षांत दोनदांहि निघालें नसेल.

पहांटे चार वाजतां आम्ही निघालों तेव्हां तांडेलानें पुढें एक पोऱ्या बॅटरी घेऊन बसविला. “खुंट आहेत,” एवढेंच तो म्हणाला. ओहोटीच्या ओढींत जाळीं लावण्यासाठीं खाडीच्या मुखाशीं कोळी लांकडाचे मोठमोठे खुंट रोवतात. त्यांवर नौका चढली कीं अडकली. आणि मला एकदम १५०८ सालचा मार्च महिना आठवला. त्या महिन्यांत इजिप्तच्या सुलतानाचें आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज यांनीं मिळून पोर्तुगीज आरमाराला याच मुखांत गांठलें. पोर्तुगीजांचा सेनानी लोरेंसु द आल्मेदा हा गोव्याचें राज्य स्थापन होण्यापूर्वींच्या पहिल्या व्हाइसरॉयाचा मुलगा, वयानें तरुण. लढाई दोन-तीन दिवस चालली. अखेर बाहेर पडतांना त्याचें जहाज मासेमारीच्या खुंटांत अडकलें. पाणी आंत शिरूं लागलें, ओहोटीच्या ओढींत बाकीचीं जहाजें पुढें निघून गेलीं, आणि तें एकटें सांपडलें. पायाला गोळा लागल्यावर तो डोलकाठीशीं बसून लढत राहिला व तेथेंच पडला, असें पोर्तुगीज बखरकार सांगतात. पोर्तुगीजांचा हिंदी महासागरांतील हा पहिला मोठा पराभव. आमच्या पुस्तकांत त्याचें श्रेय तोफांना आहे. चौलाच्या कोणा अज्ञात कोळ्यानें रोवलेल्या खुंटाचा उल्लेख पुस्तकांत नाहीं. परंतु बॅटरीच्या उजेडांत ते काळे खुंट पाण्याबाहेर डोकीं काढून उभे दिसले, तेव्हां मला तरी त्यांची योग्यता पटली.

पुढें १५२१ पासून पोर्तुगीजांनीं येथें कोट बांधला, समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर किल्ला उभारला, आणि १७३९ त वसई गेल्यावर १७४० सालीं चौल मराठ्यांच्या हातीं आलें. कोर्लईच्या पायथ्याशीं राहणारे ख्रिस्ती लोक अजून आपसांत पोर्तुगीजपासून झालेली एक बोली बोलतात. राज्य जाऊन पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला, बोली राहिली.

मुरूडजवळच्या जंजिऱ्याविषयीं फार बोलत नाहीं. तो सर्वांनीं पाहिलेला आहे. एवढेंच सांगतों कीं, किनाऱ्यावरून त्याची उंची दिसते, आणि पाण्यावरून त्याचें वर्म दिसतें. तट सरळ पाण्यांतूनच वर आलेला. नौका लावून पाऊल टेकावें, शिडी उभी करावी, एवढीहि जागा पायथ्याशीं नाहीं. आंत गोड्या पाण्याचीं तळीं. संभाजीमहाराजांनीं १६८२ च्या सुमारास खाडी भरून सेतु बांधण्याचा उद्योग कां मांडला, तें तेथें जाऊन पाहिल्यावर समजतें. समुद्रावरून हा किल्ला घेतां येत नाहीं, तर समुद्रच हटवावा, असा तो विचार होता. मोंगलांच्या स्वारीमुळें काम सोडावें लागलें. जवळच शिवाजीमहाराजांचा पद्मदुर्ग आहे. त्याच्या तटाचे दगड खाऱ्या वाऱ्यानें झिजून आंत गेले आहेत आणि मधला चुना मात्र जाळीसारखा पुढें उभा आहे. गवंड्यानें काय मळलें असेल कोण जाणे! हबशी सिद्दींचें हें संस्थान १९४८ पर्यंत टिकलें.

बाणकोटास आम्ही फक्त पाणी भरून घेतलें. त्याचें नांव ध्यानांत ठेवावें. पुढें विजयदुर्गाच्या हकिकतींत तें पुन्हां येणार आहे.

चौथ्या दिवशीं भरतीबरोबर वाशिष्ठीच्या मुखांत शिरलों आणि उजव्या हातास अंजनवेलीचा गोपाळगड व डाव्या हातास दाभोळ असें दृश्य उघडलें. मी दाभोळास पूर्वीं एस. टी. नें दोनदां गेलों होतों. तेव्हां पाहिलेलें गांव आणि हें गांव एकच, यावर माझा विश्वास बसेना. खाडी रुंद व शांत, डोंगराच्या आडोशास, वाऱ्यापासून सुरक्षित. कांठालगत घुमट आणि मनोरे असलेली, विजापूरच्या राजकन्येच्या नांवानें सांगितली जाणारी मशीद. रस्त्यानें गेल्यास ती एका गल्लीच्या शेवटीं लागते. नावेंतून पाहिल्यास ती सबंध शहराच्या छातीवर पदकासारखी दिसते. बांधणाऱ्यानें ती कोणी कोठून पाहावी म्हणून बांधली, याविषयीं शंकाच राहत नाहीं. बहामनी व आदिलशाही राज्यांचें हें मुख्य बंदर. एडन-होर्मूझकडचे घोडे येथें उतरत, दख्खनचें कापड येथून जाई, मक्केचे यात्रेकरू येथें जहाजावर चढत.

आणि याच पाण्यावर चौलच्या त्या खुंटांचा हिशेब चुकता झाला. मुलगा मारला गेल्याची बातमी कळल्यावर व्हाइसरॉय फ्रांसिस्कु द आल्मेदा हा सूडासाठीं निघाला. तो १५०८ च्या डिसेंबरअखेर या खाडींत शिरला. चौलच्या लढाईंत दाभोळानें कांहीं केलें नव्हतें. तें वाटेंत होतें, श्रीमंत होतें, मुसलमानी सत्तेखालीं होतें, इतकेंच. शहर लुटलें, जाळलें, बायका-मुलांसकट माणसें कापलीं. तेथून तो दीवकडे गेला व १५०९ च्या फेब्रुवारींत तेथील लढाई जिंकून समुद्राचा धनी झाला. त्या विजयाचें वर्णन आमच्या पुस्तकांत होतें, तें मीं मुलांना शिकविलेंहि; ‘व्यापारासाठीं आलेले पोर्तुगीज’ हे शब्द फळ्यावर माझ्या हातानें लिहिलेले आहेत. दाभोळच्या धक्क्यावर सायंकाळीं धोपाव्याच्या फेरीबोटीची वाट पाहत कॉलेजचीं मुलें उभीं होतीं. त्यांतल्या एकास मीं हें सांगितलें. तो म्हणाला, “काका, हें आम्हांला कोणी सांगितलेंच नाहीं.” मीं मान खालीं घातली. सांगणाऱ्यांपैकींच मी एक.

हीं बंदरें मेलीं कशीं? ‘गाळानें भरलीं’ हें उत्तर आपणांस तयार मिळतें, आणि तें निम्मेंच खरें आहे. गाळ पूर्वींहि येतच होता. परंतु प्रत्येक बंदराची वरच्या एका घाटाशीं सोयरीक होती. दाभोळचा माल नावेनें चिपळूणजवळच्या गोवळकोटापर्यंत जाई व तेथून कुंभार्लीनें वर चढे, राजापूरचा अणस्कुऱ्यानें, विजयदुर्गाचा खारेपाटणावरून फोंड्यानें, वेंगुर्ल्याचा आंबोलीच्या बाजूनें. बैल आणि गलबत यांची ही जोडी होती, आणि ती शेंकडों वर्षें एकमेकांना पुरेशी होती. १८६३ सालीं आगगाडी बोरघाट चढून वर गेली. दख्खनचा कापूस व धान्य सरळ मुंबईच्या खोल बंदरांत उतरूं लागलें. तिकडे गलबताच्या जागीं आगबोट आली. तिला दांड्यावरून आंत येतां येईना, म्हणून ती बाहेर समुद्रांत नांगरूं लागली आणि आंतलें शहर पडावाच्या अंतरावर गेलें. सोयरीक तुटली ती अशी. गाळ काढावा असें मग कोणाला वाटलें नाहीं, कारण काढून येणार कोण होतें?

रत्नागिरीस ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडा पाहिला. इंग्रजांनीं त्याला १८८५ सालीं पदच्युत केलें, १८८६ सालीं समुद्रमार्गें येथें आणून ठेवलें, १९१० च्या सुमारास हा वाडा बांधून दिला आणि १९१६ सालीं तो येथेंच वारला. दिल्लीच्या बादशहाला रंगूनला आणि रंगूनकडच्या राजाला रत्नागिरीस, अशी ती अदलाबदल. कैदेसाठीं हीच जागा कां निवडली असावी, याचा विचार मीं वाड्याच्या सज्ज्यांतून खाडीकडे पाहत केला. मला वाटतें, पावसाळ्यांत चार महिने समुद्र बंद आणि मागें सह्याद्री. तुरुंगाला याहून चांगली भिंत कोणती?

राजापूर मात्र समुद्रावर नाहीं. जैतापूरच्या मुखांतून खाडीनें कितीतरी आंत जावें लागतें. आमची लाँच अर्ध्या वाटेपर्यंतच गेली, पुढें लहान होडी केली, आणि शेवटीं तीहि रुतली. एकोणिसाव्या शतकांतल्या गॅझेटियरमध्यें अशी नोंद आहे कीं, अरबांचीं गलबतें अद्याप थेट राजापूरशीं व्यापार करतात, परंतु मोठें गलबत जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबतें. आम्ही चिखलांतून चप्पल हातांत घेऊन गेलों. १६४९ पासून इंग्रजांची वखार येथें होती. १६६० सालीं पन्हाळ्याच्या वेढ्यांत त्यांनीं सिद्दी जौहरास दारूगोळा पुरविला, म्हणून पुढल्याच वर्षीं शिवाजीमहाराजांनीं राजापूर लुटलें व हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती यांना कैद केलें. ही गोष्ट मात्र प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असते. तिच्यांत घोडा आहे.

आतां विजयदुर्ग. सगळ्या प्रवासांत मला जें सांगावयाचें आहे, तें येथलें आहे.

सातव्या दिवशीं दुपारीं वाघोटणच्या खाडींत शिरलों. तीन बाजूंनीं पाणी, त्यावर तटामागें तट असे तीन पदर, आणि वळसा घालून आंत गेलें कीं पाणी आरशासारखें स्थिर. येथें आरमार ठेवलें असतां समुद्रावरून त्याची डोलकाठीहि दिसूं नये. गिर्ये येथें ओहोटीच्या वेळीं आम्ही आंग्र्यांची जुनी गोदी पाहिली. नौका आंत घेऊन दुरुस्त करतां याव्या म्हणून कातळ फोडून केलेली. (किल्ल्यावर हेलियम वायूचा शोध लागला असें तेथें हौसेनें सांगतात. तो शोध १८६८ सालच्या ग्रहणाच्या निमित्तानें लागला. लॉकयर हे ज्योतिर्विद येथें आले ते १८९८ च्या जानेवारींतील ग्रहण पाहावयास. मास्तराला चूक दुरुस्त केल्यावांचून राहवत नाहीं, क्षमा असावी.)

१९९० नंतरचीं तीं वर्षें असतील. सातवीच्या वर्गांत मी मराठ्यांचें आरमार हा धडा घेत होतों. कान्होजी आंग्रे झाले, त्यांचे पराक्रम झाले. शेवटीं मीं सांगितलें कीं, १७५६ सालीं इंग्रजांनीं विजयदुर्गास तुळाजी आंग्र्याचें आरमार जाळलें. मागच्या बांकावरचा एक मुलगा उठला. त्याचा बाप गवंडी होता. मुलगा फार बोलत नसे. त्यानें विचारलें, “गुरुजी, तेव्हां पेशवे होते ना? मग त्यांनीं इंग्रजांना अडवलें कां नाहीं?” मला उत्तर ठाऊक होतें. मीं म्हणालों, “तें आपल्या अभ्यासक्रमांत नाहीं. खालीं बस.” तो बसला. पुन्हां त्यानें वर्षभर कांहीं विचारलें नाहीं.

जें मीं त्याला सांगितलें नाहीं तें असें. इंग्रजांना तेथें पेशव्यांनींच बरोबर घेतलें होतें. कान्होजींच्या मागें आंग्र्यांचें घर फुटलें होतें. कुलाब्यास मानाजी, विजयदुर्गास तुळाजी. तुळाजी शूर होता, परंतु कोणाचें न ऐकणारा; सावंतवाडीकर, प्रतिनिधि, सर्वांना त्यानें दुखविलें होतें आणि पेशव्यांना तो जुमानीत नसे. १७५५ सालीं इंग्रज कमोडोर जेम्स यानें सुवर्णदुर्ग घेऊन पेशव्यांच्या स्वाधीन केला. १७५६ च्या फेब्रुवारींत अॅडमिरल वॉटसनचें आरमार या मुखाशीं येऊन उभें राहिलें. त्यावरील फौजेचा प्रमुख क्लाइव्ह, तोच पुढल्या वर्षीं प्लासीस जाणारा. जमिनीच्या बाजूस पेशव्यांतर्फें रामाजी महादेव फौज घेऊन बसला होता, आणि तुळाजी स्वतः बोलणें करण्यासाठीं त्याच्या छावणींत गेलेला होता. १२ फेब्रुवारीस मारा सुरू झाला. एक पेटता गोळा ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हें जहाज पूर्वीं इंग्रजांचेंच. आंग्र्यांनीं तें जिंकून आणलेलें. तें पेटलें, आणि शेजारीं शेजारीं बांधून ठेवलेलें सगळें आरमार एकापासून एक पेट घेत गेलें. संध्याकाळपर्यंत खाडींत कांहीं उरलें नाहीं. रात्रीं क्लाइव्हनें फौज उतरवून किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मधें ठाण दिलें, आणि दुसऱ्या दिवशीं किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला. सुमारें दहा लाखांची लूट त्यांनीं आपसांत वांटून घेतली. पेशव्यांना किल्ला मिळावयास ऑक्टोबरांतला तह व्हावा लागला, आणि त्यासाठीं इंग्रजांना जें कायमचें दिलें, त्यांत तें बाणकोट होतें. तुळाजी उरलेलें आयुष्य कैदेंत कंठून मेला.

नानासाहेब पेशव्यांस सर्वस्वीं दोष देणें सोपें आहे. मी तें करणार नाहीं. बेबंद सरदाराला आवरणें हें राज्यकर्त्याचें कामच होतें, आणि आरमार जळावें असा त्यांचा हेतु नव्हता. तें त्यांना हवें होतें. पुढें विजयदुर्गासच आनंदराव धुळपांच्या हाताखालीं त्यांनीं पुन्हां आरमार उभें केलें. १७८३ च्या एप्रिलांत त्या आरमारानें इंग्रजांचें ‘रेंजर’ जहाज पकडलेंहि. तेव्हां १७५६ लाच सगळें संपलें, असें म्हणणें खरें नाहीं. परंतु घाटावर बसून जो समुद्राकडे पाहतो, त्याला आरमार ही सरदाराची एक मालमत्ता वाटते, जशी पागा किंवा जहागीर. ती एकाकडून काढून घेऊन दुसऱ्यास देतां येते, असा त्याचा समज होतो. परक्याच्या हातीं पलिता देऊन ती काढून घेतां येत नाहीं, हें त्या संध्याकाळीं दिसलें. मी हें म्हणतों, कारण मीहि घाटावरचाच मास्तर.

नांगरलेल्या लाँचवर त्या रात्रीं मीं हें सगळें मोठ्यानें सांगितलें. मित्रांना यांतलें पुष्कळ ठाऊक होतें. तांडेल ऐकत होता. तो म्हणाला, “बोटी एकमेकींना बांधून ठेवल्या, तिथेंच चुकलें. वारा असतांना मधें दोन-दोन नावांचें अंतर ठेवावें लागतें, गुरुजी.” मला हंसूं आलें नाहीं. अडीचशें वर्षांत या लढाईवर इतकी सरळ टीका कोणी केली असेल असें वाटत नाहीं. त्या मुलाचें आज वय पंचेचाळिशीच्या घरांत असेल. शाळेच्या जुन्या हजेरीपटांत त्याचें नांव मिळालें, पत्ता मिळाला नाहीं. त्या गांवांतून तें बिऱ्हाड केव्हांच उठून गेलें.

पुढचे दोन दिवस सुखाचे गेले. मालवणास सिंधुदुर्ग, १६६४ च्या नोव्हेंबरांत पाया घातला, १६६७ त पुरा झाला. खडकांच्या रांगांतून वाट काढीत तांडेल ज्या तऱ्हेनें नाव आंत नेत होता, ती पाहूनच जागा निवडणाराच्या नजरेची कल्पना आली; ज्याला ती वाट ठाऊक नाहीं, त्याचें जहाज किल्ल्यापर्यंत पोहोंचण्याआधींच फुटावें. आंत दूधबाव, साखरबाव, दहींबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, आणि राजाराममहाराजांनीं बांधलेलें शिवाजीमहाराजांचें देऊळ. पुजाऱ्यानें हातावर खोबरें ठेवलें. १७६५ सालीं इंग्रजांनीं हाहि किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असें नांव ठेवलें होतें; वर्षभरांत तो कोल्हापूरकरांस परत मिळाला आणि नांव वाऱ्यावर गेलें.

वेंगुर्ल्यास नवव्या दिवशीं दुपारीं उतरलों. डच लोकांनीं सतराव्या शतकांत गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठीं येथें वखार घातली होती. तिच्या भिंती अजून उभ्या आहेत, आणि भिंतींतून वडाचीं मुळें. मुरगावची आगगाडी सुरू झाल्यावर वेंगुर्ल्याचा घाटावरचा व्यापार तिकडे वळला, हें मीं वखारीच्या पायरीवर बसून मित्रांना सांगत होतों. पण त्यांचें लक्ष एस. टी. च्या वेळापत्रकाकडे होतें. तांडेलाला त्याच रात्रीं परत निघावयाचें होतें. आम्ही त्याला जेवूनच जा म्हणालों, तर त्यानें पुन्हां बोटांच्या पेरांवरून आंगठा फिरविला. द्वादशी. बाराचे पाऊणपट मीं मनांत केले, नऊ. नवाला दहा मिनिटें असतांना त्यानें नांगर उचलला.